ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कॅलेथिया, फर्न अशा झाडांसाठी घरात ओलावा कसा राखायचा? ह्युमिडिफायर घ्यावा का? झाडं एसीच्या खोलीत ठेवावीत की कूलरच्या?

तिसऱ्या प्रश्नामुळे लिहायला बसले. आमच्याकडे याच एका गोष्टीवरून 2022 पासून दर उन्हाळ्यात धुसफूस चालते.

पण आधी फवाऱ्याचं. तुमची पुण्याची मैत्रीण दिवसातून तीनदा पानांवर पाणी फवारते आणि तिची झाडं मस्त आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ती झाडं पुण्यात आहेत म्हणून मस्त आहेत. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मे महिन्यात दुपारी तीनला फवारा मारला तर माझा चहा गाळून होईस्तोवर पान कोरडं. वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग फुकटात. खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीचंही तेच. बाहेर लू वाहत असताना ताटलीभर पाण्याने खोलीला काय होणार?

तर 2022 च्या एप्रिलात मी ऑर्बिफोलिया जातीची कॅलेथिया आणली. ताटलीएवढी गोल पानं, त्यांवर चंदेरी पट्टे. बैठकीत ठेवली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी. त्याच बैठकीत ह्यांनी नुकताच एसी बसवला होता. तीन आठवड्यांत पानं विडीसारखी गुंडाळली आणि कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या, हात लावला की चुरा. मी म्हटलं, एसीने हवा कोरडी केली. ह्यांचं म्हणणं, तू पाणी जास्त घालतेस. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण पाहुणे बसलेले असताना ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला न विचारता झाड कुंडीतून उपटून मुळं दाखवायला घेतली. मुळं पांढरीशुभ्र, टणक, कुजल्याचा वाससुद्धा नाही. पाहुण्यांनीही पाहिलं. ह्यांनी झाड परत कुंडीत खोचलं आणि म्हणाले, "बरं, एसी हवेतलं पाणी काढतो ना? मग ते पाणी कुठाय?" बाहेर एसीच्या नळीखालच्या बादलीत जेमतेम तळ ओला होता.

हे मला लागलं. मी साडेचारशे रुपयांचा आर्द्रतामापक मागवला. (असला स्वस्त मापक आल्या आल्या तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी 75 दाखवायला हवं. माझा 69 दाखवत होता, म्हणून मी कायम 6 मिळवते.) मग पंधरा दिवस कालनिर्णयाच्या चौकोनांत आकडे लिहिले. दुपारी ओसरीवर 42 अंश आणि 17 टक्के. रात्री एसीच्या बैठकीत 26 अंश आणि 40 टक्के. कूलरच्या खोलीत 30 अंश आणि 58 टक्के.

ते 40 बघून हे हसले. हसू देत. हवेतलं पाणी तेवढंच असलं तरी हवा गार झाली की टक्केवारी आपोआप चढते, आणि तापली की उतरते. 25 अंशांची 50 टक्क्यांची हवा 42 अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा कणही न काढता ती 20 वर येते. कोरड्या मे महिन्यात एसीला काढायला पाणीच फारसं नसतं, एवढं मी मान्य करते. पण ह्यांचा एसी चालतो रात्री दहा ते सकाळी सहा. दुपारी त्याच बंद बैठकीत मी 37 अंश आणि 22 टक्के लिहून ठेवलेत. झाडाला रात्री थंडाई आणि दिवसा भट्टी, शिवाय रात्रभर एसीचा झोत थेट पानांवर. ह्या तारखा मी ह्यांना दाखवल्या. हे म्हणाले, मग दिवसापण एसी लावूया. बिल कोण भरणार, ते बोलले नाहीत.

म्हणून सांगते, कूलरच. साधा पत्र्याचा, घास (म्हणजे पाण्याने ओल्या राहणाऱ्या लाकडी तंतूंच्या जाळ्या) लावलेला. झाड झोतात ठेवू नका, बाजूला सहा-सात फुटांवर ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्या. ओलावा वाढावा म्हणून खिडक्या बंद करून घेतल्यात तर खोली 85 वर जाते, गारवा संपतो आणि मातीवर बुरशी धरते. माझी कॅलेथिया बैठकीतून मधल्या, कूलरच्या खोलीत नेल्यावर महिन्याभरात नवं पान निघालं, सरळ, न वळलेलं. ते ह्यांनी बघितलं, बोलले काही नाहीत.

ह्युमिडिफायर मी तरी घेणार नाही. दारं सतत उघडमीट होणाऱ्या घरात त्याची वाफ पुरत नाही. वर धुकं सोडणाऱ्या यंत्रात बोअरचं पाणी घातलंत तर पाण्यातले क्षारही हवेत उडतात आणि पानांवर, टीव्हीवर पांढरी पूड बसते. कूलरमध्ये तेच क्षार घासेवर राहतात. हंगाम संपल्यावर घास काढताना ती कशी पांढरी, कडक झालेली असते ते तुम्हीही बघितलं असेलच. एका छोट्या बंद खोलीत सगळी झाडं असतील आणि आरओचं पाणी घालणार असाल तर मात्र जरूर घ्या.

अजून दोन-तीन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. कडा जळणं नेहमी हवेमुळेच नसतं, कॅलेथियाला खारं पाणीही सोसत नाही. माझ्या झाडाचं अर्धं दुखणं बोअरचं पाणी होतं, असं आता वाटतं. आता तिला आरओचं पाणी घालते, आणि जुलैत एसीच्या बादलीतलं. तेव्हा मात्र रात्रीत बादली भरते, म्हणजे एसी हवा कोरडी करतो हे माझं म्हणणं पावसाळ्यात खरं आहे. पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी कीड, कोरड्या उन्हात हमखास येते. पानं उलटी धरून नळाखाली धुवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतील.

फर्नचं राहिलंच. न्हाणीघराला उजेडाची खिडकी असेल तर फर्न तिथे टांगा. नसेल तर कूलरच्या खोलीतच, पण कॅलेथियापेक्षा कूलरच्या जवळ, आणि कुंडीतली माती एक दिवससुद्धा वाळू देऊ नका.