खोत म्हणजे कोकणातले जमीनदारच होते का?

दिसायला जमीनदारच, पण मुळात नाही. खोत हा गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस. ठरलेला सारा सरकारला द्यायचा आणि कुळांकडून, म्हणजे जमीन कसणाऱ्यांकडून, त्याहून जास्त जे येईल ते आपल्याकडे ठेवायचं. हे काम बापाकडून मुलाकडे जात राहिलं आणि वसुली करणारा गावाचा धनी होऊन बसला. जमीन त्याची की कसणाऱ्याची, हा वाद तिथूनच सुरू झाला. १८८० साली इंग्रजांनी खोती कायदा केला, तरी तो मिटला नाही.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताचं कूळ होते. भातशेतीचा करार अर्धेलीचा, म्हणजे निम्मं पीक खोताचं. झोडणी झाली की आधी त्याचं माप, मग उरलेलं घरात. आजी म्हणायची, "भात आपण पिकवायचं आणि नाचणी-वरी खायची." वर वेठ होतीच. ऐन लावणीत आपलं शेत सोडून आधी खोताच्या शेतात उतरायचं. खोताच्या घरी गेलं तर बसायचं अंगणात, ओटीवर नाही. माझ्या मते गावाला सगळ्यात जास्त वाकवलं ते या शेवटच्या गोष्टीने.

खोत एकाच जातीचे होते असं अनेकांना वाटतं, ते बरोबर नाही. ब्राह्मण पुष्कळ होते, पण मराठा आणि मुसलमान खोतही होते. खुद्द टिळकांच्या घराण्याकडे चिखलगावची खोती होती आणि त्यांनी खोतांच्या हक्कांची बाजू घेतली होती. उलट बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८च्या जानेवारीत कोकणातली हजारो कुळं मुंबईत मोर्चाने आली. त्याआधीच, १९३३ साली, अलिबागजवळ चरीला शेतकरी नेते नारायण नागू पाटलांनी कुळांचा संप उभा केला होता. जमीन पडीक राहिली तरी चालेल पण कसणार नाही, असं म्हणून ती माणसं सुमारे सहा वर्षं टिकली. घरात साठवलेलं धान्य नसताना सहा वर्षं! मला आजही याचं फार मोठेपण वाटतं.

आंबेडकरांचं विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने, पण आमच्यासारख्या साध्या कुळांच्या नावावर जमीन व्हायला, कसणाऱ्याला मालक ठरवणाऱ्या कुळकायद्याचा १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडावा लागला. पुढे त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली जमिनीची किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली आणि सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून त्यांचं नाव चढलं. तो उतारा आजीने तांदळाच्या डब्यात ठेवला होता.