आईचं मनगट मोडलं, प्लास्टर झालं. आता आणखी काही करायला हवं का?

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांच्या आहेत, ओट्यापाशी पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर निघणार आहे. पुढे काही करायचं का, असं विचारलंय. हो, करायचंच. आम्ही केलं नाही, म्हणून कळकळीने सांगते.

माझ्या सासूबाईंचं मनगट असंच अंगणात पडून मोडलं होतं. प्लास्टर निघालं, त्या पुन्हा पोळ्या लाटू लागल्या आणि एक्स-रेचं पाकीट कपाटावर गेलं. तीन वर्षांनी पहाटे लघवीला उठल्या, पायपुसण्यात पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलं होतं. दीर दुबईहून येईपर्यंत ऑपरेशनला थांबू, असं आम्हीच ठरवलं. शक्यतो ४८ तासांच्या आत ते व्हावं लागतं, हे आम्हाला कुठे ठाऊक! चौथ्या दिवशी झालं, तोवर माकडहाडापाशी कातडी सोलायला लागली होती आणि रात्रभर त्या माहेरच्या माणसांना हाका मारत होत्या.

घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजींना हाडांचं औषध काय चालू आहे?" मी म्हटलं, कॅल्शियम. ती म्हणाली, "ते खाणं झालं काकू, औषध नाही."

उभ्याउभ्या पडून या वयात मनगट मोडलं, तर हाड आतून ठिसूळ झालंय असं धरून चौकशी करावी. प्लास्टर निघेल त्या दिवशीच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. त्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. सोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघतात, कारण औषध त्यावरही ठरतं. अ‍ॅलेन्ड्रोनेटची हाडांची झीज रोखणारी गोळी आठवड्यातून एकदा असते. ती उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे त्याच कामाचं औषध वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. सासूबाईंना डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे, तेही हाडांसाठीच, दर सहा महिन्यांनी. हे इंजेक्शन लांबवलं किंवा मनानेच बंद केलं, तर हाडं झपाट्याने विरळ होतात, मणके मोडू शकतात. त्यामुळे पुढची तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो. ही औषधं चालू असताना दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

घरातलं पायपुसणं आजच उचला. संडास-बाथरूमात भिंतीला पक्का दांडा, रात्री छोटा दिवा. झोपेची किंवा बीपीची गोळी घेऊन उठताना गरगरतं का, मोतीबिंदू आहे का, हेही बघा. प्लास्टर असतानाही बोटं आणि खांदा हलता ठेवायला सांगा. आणि पडायच्या भीतीने चालणं सोडू देऊ नका, पाय आणखी लुळे पडतात.

एक शेवटचं विचारते. आईंचे जुने परकर अलीकडे लोळायला लागलेत का? सासूबाईंचे लागले होते, मी नाडीपाशी दुमडून टाके घालून दिले आणि पुढे विचारच केला नाही. त्यांची उंची कमी झाली होती. पाठीचे दोन मणके कधीच दबले होते. तसं काही दिसलं तर पाठीचा एक्स-रेही काढून घ्या.