अमेरिकेत धर्माचं कारण देऊन मुलांना शाळेत न पाठवणं कायदेशीर आहे का?

सरसकट नाही. ज्या खटल्याचा हवाला सगळे देतात, तो म्हणजे १९७२ चा विस्कॉन्सिन विरुद्ध योडर. विस्कॉन्सिन राज्यात तेव्हा १६ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. आमिश या साधं, पारंपरिक आयुष्य जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या तीन पालकांनी मुलांना आठवीनंतर घरी ठेवलं, म्हणून प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. रक्कम किरकोळ, पण प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पालक जिंकले.

मात्र न्यायालयाने शिक्षणाची सक्ती चूक ठरवली नाही. आठवीपर्यंत मुलं शिकलेलीच होती. पुढे शेती आणि घरकामातून त्यांची तयारी होते, आणि हा समाज तीन शतकं असाच जगत आलाय, हे पाहून सूट मिळाली. उद्या कुणी 'माझं तत्त्वज्ञान वेगळं' म्हणून आला, तर हा निकाल त्याच्या कामाचा नाही, हे निकालपत्रातच आहे.

मला खरा प्रश्न याच खटल्यातले एक न्यायमूर्ती डग्लस यांचा वाटतो: मुलांना काय हवंय, हे कुणी विचारलं? सरकार आणि पालक भांडत राहिले, पण तीन पालकांपैकी फक्त एकाच्या मुलीची साक्ष झाली होती.