ग्रामीण रुग्णालयातल्या स्टाफला नवऱ्याची मारहाण ओळखायला कसं शिकवायचं?

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की 30 खाटांच्या रुग्णालयात नर्स आणि डॉक्टरांचं एक दिवसाचं ट्रेनिंग घ्यायचंय, घरात मार खाणारी बाई ओळखायची कशी आणि पुढं करायचं काय, पीपीटीत काय घालू. मी 19 वर्षं कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते आणि नंतर अशा बॅचेस घेतल्या, तर पहिलं सांगते, पीपीटी कमी करा.

लक्षणं सगळ्यांना माहीत असतात हो. माझीच गोष्ट घ्या. एक बाई चार महिन्यांत तीनदा आली, आधी मनगट, मग कान, मग बरगडी, दर वेळी "बाथरूममध्ये पाय घसरला", फाईल नवऱ्याच्या हातात आणि उत्तरं पण तोच देणार, कुठं दुखतंय हे सुद्धा. मी तिन्ही वेळा केसपेपरवर 'पडून इजा' लिहिलं. कळत होतं मला. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर मी काय करू? हे कुणी शिकवलंच नव्हतं म्हणून विचारलंच नाही. तुमच्या स्टाफचं गाडं पण तिथेच अडलेलं असणार.

म्हणून सुरुवात जागेपासून करा. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना विचारणं म्हणजे घरी गेल्यावर तिला दुप्पट मार. आमच्याकडे ड्रेसिंग रूमच्या दाराला आतून कडी नव्हती, ती आधी बसवून घेतली. नातेवाईकांना बाहेर काढायला "एक्स-रेला फक्त पेशंट" हे वाक्य छान चालतं, कुणी वाद घालत नाही.

मग तोंडाने वाक्य म्हणायला लावा, जोडीजोडीने, एक पेशंट एक सिस्टर. "नवरा मारतो का?" असं धाडकन विचारलं की नाहीच म्हणणार. "अशी जखम कधीकधी घरात कुणी मारल्यानं होते, तुमच्या बाबतीत तसं काही झालंय का?" हे जमतं. विचारून झालं की गप्प बसायचं, आणि हेच सगळ्यात अवघड जातं. पहिल्या रोलप्लेला निम्मी बॅच हसते, आणि दोघी-तिघी एकदम गप्प होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा, त्यांच्या घरी पण तेच चालू असू शकतं. सगळ्यांसमोर त्यांना बोलतं करू नका, चहाच्या वेळी तुम्हीच जवळ जाऊन बसा.

येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) पण म्हणत नाही, 2013 च्या त्यांच्या सूचनांत आहे की जखम, आजार किंवा मनाची अवस्था बघून शंका आली की विचारा. पुन्हा पुन्हा होणारं अबॉर्शन, "चुकून" प्यायलेलं फिनेल, कारण न सापडणारी पोटदुखी, हे सगळं त्यात आलं.

ती हो म्हणाली की काय बोलायचं नाही ते आधी शिकवा. "तुम्ही काय केलंत?", "मुलांसाठी जुळवून घ्या", आणि उलट टोकाचं "सोडून द्या त्याला". सोडताना धोका वाढतो, तिचं तिला जास्त कळतं. "बरं झालं सांगितलंत, यात तुमची चूक नाही" एवढं पुरे, मग आज घरी जाणं सुरक्षित आहे का ते विचारा. गळा दाबला होता का हे मुद्दाम विचारा, बाहेरून वळ नसला तरी आवाज बसलेला असतो, गिळायला त्रास होतो, डोळ्यांत लाल ठिपके असतात, आणि असल्या घरात पुढं जीव जायचा धोका खूप वाढतो. कागद हातात देऊ नका, नवऱ्याला सापडतो. मदतीचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये 'ब्लाऊजवाल्या ताई' म्हणून सेव्ह करून द्या, 181 ही महिला हेल्पलाइन तर पाठच करून घ्या.

केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहा, 'नवऱ्याने लाकडी पाट डोक्यात मारला असे सांगते'. जखमेचं माप, जागा, सगळं. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठोकून लिहू नका, रंगाचा काही भरवसा नसतो. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, करायची असेल तर आधी तिला सांगा, नाहीतर दारात पोलीस बघून बाई पळते.

कायद्यावर फार तर अर्धा तास. स्टाफला फक्त 498अ, सासरच्या छळाचं फौजदारी कलम, माहीत असतं (आता भारतीय न्याय संहितेत कलम 85), पण 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेला घरगुती हिंसाचाराचा कायदा त्यांना नीट समजावा, त्यात नवऱ्याला आत न टाकता संरक्षण, घरात राहायचा हक्क, खर्ची मागता येते. या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या, तुमच्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांनाच बोलवा, चेहरा माहीत असला की सिस्टर फोन करतात.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 2000-01 च्या सुमारास सेहत ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि महापालिकेने मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं, हॉस्पिटलच्या आतच, पुढं ते बाकीच्या हॉस्पिटलांतही गेलं. कुठं पाठवायचं हे माहीत असलं की विचारायला जीभ रेटते. तुमच्याकडे समुपदेशक नसेल तर जिल्ह्याच्या सखी केंद्राशी (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आधी बोलून ठेवा, मगच ट्रेनिंगची तारीख काढा.

आणि हो, बॅचमध्ये मावशींना आणि वॉर्डबॉयला पण बसवा. त्या तीनदा आलेल्या बाईचं खरं काय ते आमच्या झाडूवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाथरूमच्या दाराशी ती त्यांच्याजवळ रडली होती. मावशींना कुणी विचारलंच नाही.