पहिल्यांदाच लवंग मागवताय? पैसे पाठवायच्या आधी हे बघा

अरे भाऊ, मादागास्करची लवंग मागवू का असं तुम्ही विचारलंत, तर मागवायला काही हरकत नाही, पण तुम्ही भाव आधी विचारला आणि क्वारंटाइनचं, म्हणजे मालातून कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून असलेल्या नियमांचं, नंतर, सगळे नवीन लोक हेच करतात, मीही केलं होतं. आधी प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ (वनस्पतींचा माल भारतात आणायचे सरकारी नियम) ची शेड्यूल, म्हणजे मागे जोडलेल्या याद्या, उघडा आणि आपला माल आणि तो देश, दोन्ही एकत्र त्यात आहेत का ते बघा, कारण एका देशाची अट दुसऱ्याला चालत नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नाहीत असा दाखला) तिकडच्या सरकारी खात्याचंच हवं, सप्लायरच्या लेटरहेडवरचं नाही. माल चढायच्या आधी त्याचा ड्राफ्ट मागवा.
- त्यावर शास्त्रीय नाव हवं. लवंग म्हणजे सिझिजियम अरोमॅटिकम. माझ्या एका खेपेत स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं आणि नवीन कागद येईपर्यंत कंटेनर न्हावाशेवा बंदरात पडून, डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) माझ्या खिशातून!
- शेड्यूलमध्ये अ‍ॅडिशनल डिक्लरेशन (सर्टिफिकेटवर लिहायचं जादा विधान) मागितलं असेल तर ते शब्दशः तसंच. फ्युमिगेशन (कीड मारायला औषधाची धुरी) सांगितलं असेल तर औषध, डोस, तास सगळं सर्टिफिकेटवर.
- लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाली हे सांगणारा आंतरराष्ट्रीय) शिक्का.

आणि माती! तळाच्या गोणीत हात घालून घेतलेला फोटो मागवा, मातीचं ढेकूळ दिसलं तर सरळ नाही म्हणा. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) क्लिअरन्स वेगळं असतं बरं का, एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही.

परमिट लागतं की नाही तेही शेड्यूलवरूनच कळेल, बाकीचं दुसऱ्या खेपेला बघू.