अपघातातून माणूस वाचल्यावर मदत करणाऱ्यांचे आभार कसे मानावेत?

तुम्ही विचारले आहे की, वडील मोठ्या अपघातातून वाचून घरी आले आहेत, घरातील वडीलधारे आधी देवाचा नवस फेडा म्हणतात, आणि ज्या अनोळखी लोकांनी त्यांना रस्त्यावरून उचलले त्यांचे आभार कसे मानावेत, पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल काय, हे तुम्हाला समजत नाही. माझे मत स्पष्ट आहे. आधी माणसांकडे जा, वडिलांना सोबत घेऊन जा, हात रिकामे असले तरी चालेल. नवसाचे नंतर पाहता येते. आमच्या घरात याच गोष्टीवरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही.

आम्ही आर्वी तालुक्यातले, कापूस आणि तूर पेरणारे शेतकरी. काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री माझे यजमान तळेगावच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी येत असताना, रस्त्यातच उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले म्हणून चालक ती तशीच सोडून निघून गेला होता. मागे ना दिवा होता, ना रेडियमची पट्टी, ना कोणी दगड किंवा झाडाची फांदी ठेवली होती. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, परंतु उजव्या मांडीचे हाड मोडले. मांडीचे हाड मोडले की बाहेर थेंबभरही न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितले, आणि तेव्हा त्या पहिल्या तासाची किंमत मला कळली.

तो तास ज्यांनी सांभाळला ते गृहस्थ लगतच्या वावरात रानडुकरांसाठी जागल करत मचाणावर बसले होते. आवाज ऐकून ते हातातली बॅटरी घेऊन धावत आले. धुऱ्यावर तुराट्यांच्या पेंढ्या पडल्या होत्या. त्यांतल्या सरळ तुराट्या निवडून त्यांनी पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, डोक्याचा दुपट्टा फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि मांडीला, गुडघ्याखाली व घोट्याजवळ अशा गाठी मारल्या की पाय हलू नये, पण बोटेही काळीनिळी पडू नयेत. वासराचा मोडलेला पाय कामट्या लावून बांधण्याची सवय असलेला तो हात होता. यजमान पाणी मागत होते. ऑपरेशन करावे लागले तर पोटात पाणी नको, हे त्यांना कुठून माहीत होते कोण जाणे, पण त्यांनी पाणी दिले नाही, फक्त ओला कपडा ओठांवरून फिरवला. साध्या बटणांच्या मोबाइलवरून त्यांनी 108 ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत यजमानांना झोपू दिले नाही. यंदा एकरी किती झाला, भाव काय लागला, वेचणीला बाया मिळतात का, असे ते एकसारखे विचारत राहिले. यजमानांना त्या रात्रीचे फारसे काही आठवत नाही, परंतु अंधारात कोणीतरी कापसाचा भाव विचारत होते, एवढे पक्के आठवते.

त्याच वेळी त्या रस्त्याने दोन गाड्या थांबल्या, काहींनी मोबाइलवर चित्रीकरण केले आणि ते निघून गेले. त्यांच्याविषयी मला लिहायचे नाही.

रुग्णवाहिका आली तेव्हा त्या काकांनी आपले नाव सांगितले नाही. पोलिसांचे झंझट मागे लागेल, साक्षीला वर्ध्याच्या चकरा पडतील, ही भीती त्यांना होती, आणि खेड्यातल्या माणसाला ती असते यात नवल नाही. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा किंवा गुन्हा लादता येत नाही, आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे मी त्यांना पुढे त्यांच्या अंगणात बसून समजावून सांगितले. तुम्हीही तुमच्या वडिलांना वाचवणाऱ्यांना आधी हेच सांगा. मिठाईच्या डब्यापेक्षा हा दिलासा त्यांच्या जास्त कामाचा आहे.

तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथे रक्त, मग मांडीत रॉड टाकण्याचे ऑपरेशन, हा क्रम तुमच्याही वडिलांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने झाला असेल, म्हणून तो मी विस्ताराने सांगत नाही. मात्र दोन माणसांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणार नाही. पहिला तिथला आरोग्यमित्र. मी हातातल्या बांगड्या गहाण टाकायला निघाले होते, तेव्हा त्याने मला थांबवून रेशन कार्ड मागितले. आमचे कार्ड पांढरे, त्यामुळे आपल्याला महात्मा फुले जनआरोग्य योजना लागूच होत नाही असे मी धरून चालले होते. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या 14 जिल्ह्यांत वर्धा येतो आणि त्या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तेव्हा योजना मिळत होती, हे त्याने सांगितले, सातबारा मागवला आणि स्वतः कागद लावून मंजुरी आणली. दुसरा आमच्या गावातल्या कापूस भरणाऱ्या गाडीचा चालक, ज्याने रात्रीतून गावातली तरुण पोरे गोळा करून रक्त द्यायला आणली. ती पोरे सकाळी चहा-बिस्किटे खाऊन परत गेली आणि दुपारी आपापल्या वावरात कामाला लागली.

ऑपरेशन चालू असताना माझे मोठे सासरे, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, बाहेरच्या बाकावर बसून देवीला बोकडाचा नवस बोलले. त्या क्षणी ते रडत होते, आणि पुतण्यावरचे त्यांचे प्रेम खोटे होते असे मी कधीही म्हणणार नाही.

घरी आल्यानंतरचे महिने कसे गेले, हे आता ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनाच कळेल. माणूस वाचला म्हणून सगळे भेटायला येतात, पेढे देऊन जातात, आणि मग रोजचे प्रश्न उरतात. आमचा संडास भारतीय पद्धतीचा, आणि यजमानांना गुडघा वाकवून बसणे शक्य नव्हते. बाजारात मिळणारी खुर्ची घ्यायला पैसे काढले होते, तेवढ्यात शेजारचा नळाची कामे करणारा मुलगा घरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, बसण्याच्या जागी खडूने गोल आखून त्याने आरीने भाग कापला, कडा कानशीने घासल्या, वरून सायकलची जुनी ट्यूब चिरून चिकटवली आणि आधी स्वतः बसून पाहिले. त्या खुर्चीमुळे माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या खांद्यावर लटकून जावे लागले नाही. ज्या दिवशी त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या टाच चादरीपासून जराशी वर उचलून दाखवली, तो दिवस आमच्या घरात सणाचा होता, परंतु माझ्या मनात खुर्चीचा दिवस त्याच्याही वर आहे.

वावरात कापूस फुटून लोंबत होता. एक वेचणी झाली होती, दुसरी बाकी, आणि माझा पाय घराबाहेर पडत नव्हता. अशा वेळी मोहल्ल्यातल्या बाया एके दिवशी आपापले ओटे बांधून परस्पर वावरात गेल्या. संध्याकाळी गाठोडी अंगणात येऊन पडली तेव्हा मला कळले. वेचणीचा दर त्या वर्षी किलोमागे चांगला चढलेला होता, दुसरीकडे गेल्या असत्या तर त्यांचा रोज सुटला असता. त्यांनी आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. आपल्याकडे इर्जिकीची जुनी रीत आहे. अडलेल्याच्या वावरात सगळ्यांनी मिळून जायचे आणि त्याने फक्त जेवू घालायचे. पुष्कळ गावांत ती आता फक्त बोलण्यात उरली आहे. आमच्याकडे ती त्या बायांनी जिवंत करून दाखवली.

तुरीचे आणि कापसाचे पैसे हाती आले आणि वाद उभा राहिला. मोठ्या बाबांचे म्हणणे, आधी बोकड, आधी कंदुरी, सगळ्या भावकीला जेवण. मी म्हटले, औषधांची आणि कृषी केंद्राची उधारी अजून डोक्यावर आहे. बोकड आणि दीडशे पाने म्हणजे आणखी कर्ज. ज्या बायांनी कापूस वेचला, ज्या पोरांनी रक्त दिले, ज्या काकांनी पाय बांधला, त्यांतले भावकीत कोणीच बसत नाही, म्हणजे आभाराच्या जेवणाला ज्यांचे आभार मानायचे तेच नाहीत. त्यावर मोठे बाबा भर अंगणात म्हणाले, "देवीनं वाचोलं, अन् तू तिलेच विसरते?"

मी देवीला विसरलेले नाही. रोज दिवा लावते. परंतु ज्या विदर्भात गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा आणि कीर्तन घेऊन नवसाला बकरे-कोंबडे कापू नका आणि कर्ज काढून सण-जेवणे करू नका हे सांगितले, त्याच विदर्भात त्यांचा फोटो भिंतीवर लावून कंदुरीसाठी सावकाराकडे जायचे, हे मला मान्य नाही. शेंडगावचे ते परीट, 1956 साली गेले. त्यांनी माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या गरिबांच्या नातेवाइकांना त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही आसरा मिळतो. देवाचे आभार माणसांच्या हाती पोचवता येतात, हे त्यांच्याइतके ठामपणे आपल्या मातीत दुसऱ्या कोणी करून दाखवलेले नाही. मोठ्या बाबांनी हे ऐकून घेतले नाही.

शेवटी आम्ही रोडगे केले. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण, आणि पहिल्या पंगतीला वेचणीच्या बाया. यजमान कुबड्यांवर उभे राहून वाढू शकत नव्हते, म्हणून त्याच खुर्चीवर पाट टाकून बसले आणि प्रत्येकीच्या ताटात तूप त्यांनी स्वतः वाढले. मोठे बाबा जेवायला आले नाहीत.

त्यानंतर आम्ही त्या काकांचा शोध घेतला. जागल कोणत्या वावरात होती हे विचारत विचारत घर सापडले. मी एका पाकिटात पैसे नेले होते. त्यांनी पाकीट हातात घेतले, उघडले नाही, आणि परत माझ्या पदरात ठेवून म्हणाले, "ठेव माय, अजून गोळ्या-औषधी लागन." मग ते यजमानांच्या पायाकडे वाकले आणि आपण गाठ बांधली होती तिथे हात लावून, हाड सरळ जुळले का, असे विचारले. आम्ही नेलेला नवा दुपट्टा मात्र त्यांनी लगेच डोक्याला गुंडाळला.

तेव्हा तुमच्या पैशांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पैसे देऊन पाहा, परंतु ज्याचे जे खर्ची पडले ते आधी भरून द्या. कोणाचा दुपट्टा फाटला, कोणाच्या गाडीच्या सीटला रक्त लागले, कोणाचा दिवसाचा रोज बुडाला, हे विचारून घ्या. रक्त ज्यांनी दिले त्यांना पैसे देऊ नका, ते योग्यही नाही. घरातील धडधाकट माणसांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. ज्यांनी तुमच्या वडिलांना पहिल्या तासात दवाखान्यात पोचवले असेल, त्यांचे नाव अपघातात मदत करणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या केंद्र सरकारच्या राह-वीर योजनेसाठी सुचवता येते का, हे पोलीस ठाण्यात विचारा. ही योजना 2021 साली 5,000 रुपयांनी सुरू झाली आणि 2025 मध्ये रक्कम 25,000 रुपये झाली. निवड जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. अर्थात त्या माणसाची इच्छा आधी विचारा, कारण कोणाला आपले नाव सरकारी कागदावर नको असते.

नवसाबद्दल मी कठोर लिहिले आहे, तेव्हा हेही सांगते की माझ्या सासूबाईंनी बोललेला पायी जाण्याचा नवस आम्ही आनंदाने फेडला. त्याला कर्ज लागले नाही, कोणाचा जीव गेला नाही, आणि त्या माउलीला त्यानंतर शांत झोप लागू लागली. तुमच्या आई किंवा आजीचा असा नवस असेल तर त्यांना अडवू नका. माझा विरोध बोकडाला, कर्जाला आणि भावकीपुढच्या मिरवण्याला आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आमच्या घरात ती याच वादात गुंतली होती. देवीने वाचवले, आता कोर्टकचेरी कशाला, ट्रॉलीवाल्याला माफ करा, असेही मोठे बाबा म्हणत होते, आणि तो ट्रॉलीवाला त्यांच्या व्याह्यांचा नातलग होता. वाचवणाऱ्याचे उपकार मानणे आणि ज्याच्या निष्काळजीपणाने पाय मोडला त्याला सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी तेव्हा सांगितले आणि आजही सांगते. आम्ही दावा केला. तुम्हीही संकोच करू नका. 2019 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, वडिलांच्या सेवेत ते दिवस केव्हा निघून जातात ते समजत नाही. पंचनामा, एफआयआर, दवाखान्याचे सुट्टीचे कागद आणि औषधांची बिले यांच्या प्रती याच आठवड्यात एका पिशवीत जमा करा आणि तालुक्याच्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.