कृषी सल्ला : अश्वगंधेची मुळी, पाला आणि घरचा वापर

प्रश्न (चोपडा तालुका) : आमच्या बांधावर ढोरगुंज आपोआप उगवते. तीच अश्वगंधा का? तिची मुळी घरी औषधाला कशी वापरायची?

हो, ढोरगुंज म्हणजेच अश्वगंधा. पण आधी झाड नीट ओळखा, कारण बांधावरची चिरपोटीही दुरून तशीच दिसते. दोघींच्या फळावर कागदासारखे पातळ टरफल असते. चिरपोटीचे फळ एकेकटे लोंबते आणि पिकले की पिवळसर होते. अश्वगंधेच्या खोडावर आणि पानांवर पांढुरकी लव असते, फळे पानाच्या बेचक्यात झुबक्याने लागतात आणि टरफल फाडले तर आत लालभडक मणी निघतो. ताजी मुळी चुरगाळली की घोड्याच्या मुताचा उग्र वास येतो.

आयुर्वेदात औषध आहे ते मुळीत. चरकाने तिला बल्य आणि बृंहणीय अशा दोन्ही गणांत घातले आहे, म्हणजे ताकद देणारी आणि अंग भरून आणणारी. अशक्तपणा, आजारानंतरची झीज, वाताची दुखणी आणि झोप न लागणे यांवर वैद्य ती देतात. चूर्णाची रोजची मात्रा 3 ते 6 ग्रॅम, बहुधा दुधासोबत.

घरी करायचाच तर क्षीरपाक करा. मुळीची भरड 5 ग्रॅम, दूध 40 मिली, पाणी 160 मिली. म्हणजे औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. मंद आचेवर ढवळत पाणी आटवा, दुधाएवढे उरले की गाळून घ्या. भरडीऐवजी बारीक पीठ टाकले तर ते बुडाला धरते, करपते आणि नीट गाळलेही जात नाही. आच मोठी ठेवली तर पाणी उडून जाते आणि मुळीचा अर्क उतरायला वेळच मिळत नाही.

गरोदर बाईला देऊ नका. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हा समज इथे चालत नाही.

प्रश्न (शिरपूर तालुका) : व्यापारी पालाही मागतो. मुळीसोबत विकावा का?

विकू नका. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये औषध उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना दिली आहे. पोटात घेण्यासाठी परंपरेने वापरली जाते ती मुळीच. पानांचा उपयोग मुख्यतः सुजेवर वरून लेप लावण्यापुरता. मुळीच्या पोत्यात पाला किंवा काड्या सापडल्या तर सगळ्या मालाचा दर पडतो. पाला शेतातच कुजवा.

प्रश्न (शिंदखेडा तालुका) : मुरमाड, हलकी जमीन आहे. मूग निघाल्यावर घेता येईल का?

या पिकाला अशीच जमीन हवी. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा पहिला आठवडा ही पेरणीची वेळ, म्हणजे मूग-उडीद निघाल्यावर वावर बरोबर रिकामे असते. त्याआधी जोराच्या पावसात पेरले तर कोवळी रोपे बुडातून कुजून आडवी पडतात.

एकरी दोन ट्रॉली पूर्ण कुजलेले शेणखत पुरे. फोकून पेरायचे तर बी 4 ते 5 किलो. बी फार बारीक असल्याने पाचपट कोरड्या वाळूत मिसळा, म्हणजे सारखे पडेल. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर उगवतच नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ हेच, बियाण्याला उगाच बोल लागतो. अर्थात बी ताजे, त्याच हंगामातले हवे, जुन्याची उगवण घटते. पेरणीआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम चोळा. जवाहर असगंध 20, जवाहर असगंध 134 आणि पोषिता हे ओळखीचे वाण.

25-30 दिवसांनी विरळणी करा, दोन रोपांत 8 ते 10 सेंटिमीटर ठेवा. दाट राहिले तर मुळ्या दोऱ्यासारख्या होतात. पाने जाळीदार दिसली तर उलटून पहा: खाली पिवळी अंडी आणि काटेरी अळ्या म्हणजे हड्डा भुंगा. अंड्यांची पाने तोडून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. मुळी औषधात जाणार आहे, जहाल कीटकनाशक टाळाच.

पाऊस उघडला आणि पाने दुपारी मलूल दिसू लागली तर एक हलके पाणी, फार तर दोन. हलक्या जमिनीत एकरी दीड ते अडीच क्विंटल वाळलेली मुळी धरून चाला.

प्रश्न (रावेर तालुका) : केळीच्या जमिनीत ठिबकवर लावली. झाडे कमरेपर्यंत आली, मुळ्या जाड निघाल्या, तरी भाव का पडला?

केळीला जे लागते तेच इथे घातक. युरिया आणि रोजच्या पाण्याने पाला माजतो, आणि काळ्या चिकट जमिनीत मुळीला फाटे फुटतात. भाव मिळतो तो सरळ, ठिसूळ, आतून पांढऱ्या मुळीला. हातात धरून मोडा: कट् आवाज होऊन पिठूळ पांढरा तुकडा पडला तर माल चांगला, धागे ओढत वाकली तर चिवट.

काढणीला उशीर हेही कारण असते. फळे लाल झाली आणि खालची पाने सुकली की, साधारण 150 ते 170 दिवसांत, काढायला घ्या. पुढे शेतात राहिली तर मुळी लाकडी होते. काढण्याआधी जमीन थोडी ओलावून घ्या, म्हणजे मुळ्या तुटणार नाहीत.

खोड मुळीच्या वर एक-दोन सेंटिमीटरवर छाटा, माती झटका, 7 ते 10 सेंटिमीटरचे तुकडे करून पातळ पसरा. मग प्रत लावा: सुमारे सात सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, भरीव आणि पांढरी ती पहिली, पाच सेंटिमीटरची, जाडी एक सेंटिमीटरच्या आत ती दुसरी, तीन-चार सेंटिमीटरची तिसरी, पिवळट, पोकळ तुकडे शेवटी. सगळे एकत्र भरले तर व्यापारी शेवटच्या प्रतीचा भाव लावतो.

विक्रीला मध्य प्रदेशातली नीमच मंडी मोठी. बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे जाता येते. निघण्याआधी त्या दिवसाचा दर फोनवर विचारा आणि ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झालेली असू द्या, म्हणजे माल शेतातला आहे, जंगलातला नव्हे, हे दाखवता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी येतोच, तेव्हा वाळवण खळ्यावर उघडे ठेवून झोपू नका. एकदा भिजलेली मुळी पुन्हा वाळवली तरी काळपट राहते आणि आत बुरशी धरते.